नर्तकाचे स्मारक

आपल्यातून एखादे माणूस कायमचे निघून गेले म्हणजे त्याची आठवण कोणत्या तरी रूपाने टिकावी, असे मागे राहिलेल्यांना वाटते. ही इच्छा सर्व धर्मांत आणि सर्व थरांत सारखीच दिसते. कुणी वर्षश्राद्ध घालतात, कुणी आमच्याप्रमाणे मिस्सा अर्पण करतात, कुणी देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, तर कुणी शाळेत एखादे पारितोषिक ठेवतात. परंतु गेलेली व्यक्ती जर वयाने लहान असेल आणि नृत्य हीच तिची आवड व तिची ओळख असेल, तर तिचे स्मारक कसे असावे? ह्या प्रश्नाचा विचार आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कवी गेला तरी त्याचे पुस्तक राहते. चित्रकार गेला तरी त्याचे चित्र भिंतीवर राहते. नर्तकाचे तसे नाही. त्याची कला त्याच्या देहातच असते आणि देहाबरोबर ती जाते. अलीकडे घरोघर चलच्चित्रे घेण्याची सोय झाली आहे हे खरे; पण त्या छोट्याशा काचेत दिसते ती नृत्याची सावली. पायाखालची जमीन, चाळांचा नाद, समेवर येताना सबंध सभागृहाने रोखून धरलेला श्वास, ह्यांतले त्यात फार थोडे उतरते. म्हणून नर्तकाचे स्मारक उभारणाऱ्यांनी आधी हे ओळखले पाहिजे, की त्यांना जतन करायची आहे ती वस्तू दगडात मावणारी नाही.

मला हा विचार करावा लागला त्याचे कारण आमच्या वस्तीतच घडले. शाळेच्या वरच्या वर्गातील एक गुणी मुलगी थोड्या दिवसांच्या आजाराने गेली. सातव्या वर्षापासून ती कथक शिकत होती. स्नेहसंमेलनात तिचे नृत्य असले म्हणजे मागच्या रांगेतील दांडगी मुलेही गप्प होत. तिच्या पश्चात लोकांनी आपण होऊन वर्गणी काढली, रक्कम बरी जमली आणि मग ह्या पैशाचे करावे काय ह्यावर सभा भरली. एकाने चौकात अर्धपुतळा सुचविला. दुसऱ्याने दरवर्षी नृत्यस्पर्धा भरवून विजेत्यास ढाल देण्याचे सुचविले. तिसरी सूचना एका वयस्कर बाईंची होती. त्या म्हणाल्या, “ज्या मुलींना फी देऊन शिकता येत नाही त्यांच्याकरिता एक खोली बांधा, म्हणजे झाले.” सभेचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. मला मात्र ही तिसरी सूचनाच मोलाची वाटते, आणि तिच्या बाजूने बोलताना मला एका थोर नर्तकाचा इतिहास आठवतो. त्या इतिहासाचा उत्तरार्ध आपल्याच मध्य प्रदेशात घडलेला आहे.

त्या नर्तकाचे नाव शांती बर्धन. १९१६ साली पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथे त्यांचा जन्म झाला. मणिपुरी नृत्याचे व आपल्या भागातील लोकनृत्यांचे संस्कार घेऊन ते उदयशंकर ह्यांच्या अल्मोड्याच्या कलाकेंद्रात गेले. हिमालयाच्या पायथ्याशी त्या काळी एक विलक्षण विद्यापीठच भरले होते. कथकळीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यासाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, असे एकेका कलेतील अधिकारी पुरुष तेथे एकत्र आले होते. पुढे चित्रपटसृष्टीत नाव मिळविलेले गुरुदत्त आणि झोहरा सहगल हीही त्याच केंद्रात होती.

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या संकटाने अनेक कलावंतांना आपल्या कलेचा हेतू काय, असा प्रश्न विचारला. शांती बर्धन ह्यांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर शोधले. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनचे मध्यवर्ती पथक मुंबईत अंधेरी येथे स्थापन झाले, त्याला ते जाऊन मिळाले. तेथे कलावंत एकत्र राहत, एकत्र जेवत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तालीम करीत. ह्याच पथकासाठी त्यांनी ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही नृत्यनाट्ये बसविली. दुसऱ्याचे संगीत तरुण रविशंकर ह्यांचे होते. पुढे हे पथक मोडले. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथावर आधारलेले नृत्यनाट्यही शांती बर्धन ह्यांनी बसविले आणि १९४७ साली दिल्लीत आशियाई संबंध परिषदेच्या वेळी त्याचा प्रयोग झाला.

एवढ्यात क्षयाने त्यांच्या फुफ्फुसावर घाला घातला. श्रोतेहो, क्षयाचा अर्थ आपल्या मागच्या पिढीला सांगावा लागत नव्हता. औषधे नुकतीच निघू लागली होती, सर्वांना ती मिळत नव्हती आणि मोकळी हवा व सक्तीची विश्रांती हाच पुष्कळदा इलाज असे. ज्याचा सारा व्यवहारच श्वासावर चालतो, त्या नर्तकाला हा रोग म्हणजे गायकाचा गळा बसण्यासारखाच. परंतु दुखण्यातून काहीसे उठल्यावर ह्या गृहस्थाने १९५२ साली मुंबईत काही सहकाऱ्यांसह ‘लिटिल बॅले ट्रुप’ ही मंडळी उभारली आणि रामायण बसवायला घेतले.

हे रामायण त्यांनी कळसूत्री बाहुल्यांच्या रीतीने बसविले. जिवंत माणसे रंगमंचावर लाकडी बाहुलीसारखी वावरतात. हात कोपरातून एका झटक्याने वळतो, मान कडक राहते, पाऊल उचलले की जणू वरून कुणी सूत ओढले असे वाटते. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चालविलेला बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ह्या कल्पनेतील गोडी सहज कळेल. ह्या पद्धतीत एका तेजस्वी नटाने सारा प्रयोग आपल्या खांद्यावर पेलायचा नसतो. प्रत्येकाचे हालणे ठरलेले, प्रत्येकाचे थांबणेही ठरलेले, आणि सर्वांनी मिळून एक चित्र उभे करायचे. ज्याला स्वतःला आता फार वेळ नाचता येणार नव्हते, त्याने असे नृत्य रचले की ते इतरांच्या अंगात सुखरूप राहावे.

१९५४ साली शांती बर्धन गेले. वय अवघे अडतीसच्या आसपास. पंचतंत्रावरील नृत्यनाट्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, ते अपुरेच राहिले. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण ह्या चार मित्रांची ती कथा. प्रत्येकजण एकेकटा दुबळा; पण एकमेकांसाठी जीव टाकणारे, म्हणून पारध्याच्या जाळ्यातून सुटणारे. त्या वेळी मंडळींपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे शोकसभा घेऊन, फोटोला हार घालून, आपापल्या घरी जाणे. दुसरी म्हणजे अपुरे काम पुरे करणे. त्यांनी दुसरी वाट धरली. पंचतंत्र पूर्ण झाले, रंगमंचावर आले, आणि त्याचे प्रयोग भारतात व परदेशांतही झाले.

ह्या सर्वांच्या मागे ज्या बाई उभ्या राहिल्या त्या गुल बर्धन. त्यांचा जन्म १९२८ चा, म्हणजे पती गेले तेव्हा त्यांची पंचविशी जेमतेम उलटलेली. त्या स्वतः नर्तकी होत्या. प्रभात गांगुलींसारखे सहकारी बरोबर घेऊन त्यांनी मंडळी चालविली. १९६० च्या दशकात ही मंडळी मुंबई सोडून ग्वाल्हेरला आली आणि पुढे भोपाळला स्थिरावली. ‘रंगश्री लिटिल बॅले ट्रुप’ ह्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. भोपाळमधील तिच्या सभागृहात नाटकमंडळींचे प्रयोग होत आले आहेत. २०१० साली गुल बर्धन ह्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पतीच्या मागे छप्पन्न वर्षे ह्या बाईंनी ते काम केले. मुंबई, ग्वाल्हेर आणि भोपाळ ह्या तीन शहरांतून एका नर्तकाची आठवण त्यांनी पायी चालत नेली, असेच म्हणावयास हवे.

आता ह्याची दुसरी बाजूही आपण पाहू, म्हणजे निव्वळ भाविकपणाने आपण बोलतो असे होणार नाही. ज्या अल्मोड्यात शांती बर्धन वाढले ते केंद्र १९४४ साली बंद पडले. आपल्या खंडाळ्यास मॅडम मेनका ह्यांनी नृत्यालय काढले होते. मेनकाबाईंच्या मंडळीने १९३६ साली बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सवात पारितोषिके मिळविली होती, आणि दमयंती जोशींसारखी शिष्या त्यांच्या हाताखाली तयार झाली. तरीही ते नृत्यालय फार वर्षे टिकले नाही. ह्या दोन्ही संस्थांच्या गुणवत्तेविषयी कुणी शंका घेणार नाही. परंतु त्या एका मोठ्या व्यक्तीच्या भोवती उभ्या होत्या, खर्च मोठा होता, महायुद्धाचा काळ होता, आणि गाव त्यांच्यापासून दूर होते. ज्यांच्यासाठी ती विद्या होती ते लोक निवडक होते. म्हणून मला असे वाटते, की संस्था टिकवायची असेल तर तिच्यात असामान्यांच्या बरोबरीने सामान्यांनाही जागा पाहिजे. शेजारच्या गल्लीतील आई जेव्हा म्हणते, “आमची शाळा बंद पडू देणार नाही,” तेव्हाच ती शाळा खरी टिकते.

तर अशी नृत्यशाळा म्हणजे नेमके काय? मी शिक्षक आहे, त्यामुळे थोडे व्यवहाराचे बोलतो. पहिली गोष्ट, जमीन. आपल्याकडे बहुतेक सभागृहांना कोटा किंवा शहाबादी फरशी असते आणि तिच्याखाली काँक्रीट. ह्या जमिनीला मुळीच दब नसतो. त्यावर रोज तासभर तत्कार केला की कोवळ्या मुलांच्या नडग्या दुखू लागतात, टाचा व गुडघे कुरकुरतात आणि घरचे म्हणतात, नाचच वाईट. दोष नाचाचा नसून फरशीचा असतो. लाकडी रीपांवर फळ्या ठोकून खाली हवेची पोकळी ठेवली, तर अशी जमीन पावलाचा आघात थोडा आपल्याकडे घेते. पैशाचा पहिला वाटा ह्या तक्तपोशीवर खर्च व्हावा. भिंतीचा रंग मागाहून देता येतो.

दुसरी गोष्ट, जागा आणि हवा. वीस फूट रुंद व तीस फूट लांब खोली असेल तर सहाशे चौरस फूट होतात, आणि दर मुलामागे तीस चौरस फूट धरले तर वीस मुले एकमेकांस न अडखळता हात पसरू शकतात. आमच्या शाळांतील पुष्कळशा वर्गांपेक्षा ही खोली फार मोठी नाही. खिडक्या समोरासमोर हव्यात, कारण वीस जणांचा दमलेला श्वास बंद खोलीत कोंडला जाऊ नये. एका भिंतीला आरसा असावा आणि त्याला पडदाही असावा; सदैव आरशात पाहणारा मुलगा आपल्या पायाचे ऐकणे विसरतो.

तिसरी गोष्ट, शिक्षक आणि वेळ. इमारत एकदाच बांधावी लागते, शिक्षकाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. वर्गणीदारांना हे कुणी सांगत नाही, म्हणून कित्येक स्मारके कुलूपबंद पडतात. माझी नम्र सूचना अशी आहे, की नवीन इमारतीच्या मागे लागूच नये. एखाद्या शाळेचा किंवा संस्थेचा संध्याकाळी रिकामा पडणारा दिवाणखाना करार करून घ्यावा, त्यात तक्तपोशी घालावी आणि उरलेली रक्कम ठेव म्हणून ठेवून तिच्या व्याजातून शिक्षकाला मानधन द्यावे. न्यासाची रीतसर नोंदणी करावी, प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी आणि वर्षाचा हिशेब दारावर लावावा. शोकाच्या दिवसांत जमलेला पैसा हा सर्वांत नाजूक पैसा असतो. त्याच्या हिशेबात एक जरी पै चुकली, तरी गेलेल्या जिवाच्या नावाला डाग लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दार कोणासाठी उघडावे? माझ्या मते प्रवेशाला परीक्षा नसावी. ज्याला ताल कळतो त्याला गुरू कुठेही भेटतो. ज्याला अजून कळत नाही त्यालाच शाळेची गरज असते. फी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असावी आणि कोण किती देतो हे दुसऱ्याला कळू नये. मुलांनाही मुलींइतकेच बोलवावे. आपल्या घरांतून मुलगा नाचतो म्हटले की आजही भुवया उंचावतात, त्या खाली आल्या पाहिजेत. दुपारी घरकाम आटोपून येणाऱ्या बायकांसाठी एक तास ठेवावा. मंगळागौरीचे झिम्मा, फुगड्या आणि पिंगे ज्यांच्या अंगात आहेत त्या आजीबाई तेथे शिष्या म्हणून येतील आणि कदाचित शिक्षिका होऊन जातील. माळव्याचे मटकी नृत्य, गोव्याचा धालो, ख्रिस्ती घरांतील मांडो, ह्या साऱ्यांना त्या जमिनीवर पाऊल ठेवायची मुभा असावी. कथक शिकणाऱ्या मुलीने आपल्या आजीची फुगडी पाहिली तर तिच्या कथकाचे काही बिघडत नाही.

येथे कुणी विचारील, मग त्या मुलीचे काय? इतक्या लोकांच्या गर्दीत तिची आठवण कुठे राहिली? हा आक्षेप मी हलका मानीत नाही, कारण तो तिच्या वडिलांनीच मांडला. त्यांना पुतळा हवा होता. ते म्हणाले, “मास्तर, पुतळ्याकडे पाहून निदान तिचे नाव तरी लोक घेतील. खोलीत नाचणाऱ्या पोरांना ती कोण होती हे दहा वर्षांनी कुणी सांगेल का?” त्यांच्या ह्या प्रश्नावर मी काही क्षण निरुत्तर झालो. तिच्या आईला वेगळीच धास्ती होती. रोज संध्याकाळी घराजवळ चाळांचा आवाज ऐकू येणे हे तिला सोसवेल की नाही, हे तिलाच ठाऊक नव्हते. बाहेरच्यांनी उत्साहाच्या भरात असे प्रश्न बाजूला सारू नयेत. ज्यांचे मूल गेले त्यांची संमती असल्याखेरीज कोणतेही स्मारक उभारणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. आईला नको असेल तर नृत्यशाळा दूरच्या मोहल्ल्यात काढावी, किंवा वर्षभर थांबावे. घाई दुःखाला मानवत नाही.

परंतु वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे मनाशी शोधले, ते आपणांस सांगतो. चौकातील पुतळा पहिल्या वर्षी लोक पाहतात, दुसऱ्या वर्षी त्याच्यापुढून जातात आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या चबुतऱ्यावर हातगाडी टेकते. ह्यात लोकांचा दुष्टपणा नाही. स्थिर वस्तूची सवय होणे हा डोळ्यांचा धर्मच आहे. स्पर्धेतील ढाल एका मुलीच्या कपाटात जाते आणि उरलेल्या एकोणीस मुली रडत घरी जातात. गेलेल्या मुलीच्या नावाने दरवर्षी एकोणीस जणींना रडवावे, हे तिला आवडले असते काय? नृत्यशाळेचे तसे नाही. तेथे नवीन मूल आले की पहिल्या दिवशीच विचारते, “ही खोली कुणाच्या नावाची?” आणि कुणाला तरी ते सांगावे लागते. जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते ती विसरली जात नाही. शांती बर्धन ह्यांचा पुतळा मी कुठे पाहिलेला नाही. पण त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या कित्येक मुलांनी त्यांचे बाहुल्यांचे रामायण पाहिले, आणि त्यांच्यापैकी काहींनी ते स्वतः नाचून दाखविले.

म्हणून त्या शाळेतही माझ्या मते एवढेच करावे. दाराशी तिचा एक लहानसा फोटो असावा, त्याखाली नाव व दोन तारखा असाव्यात. तिचे चाळ तिच्या घरच्यांनी स्वतःहून दिले तर ते काचेच्या पेटीत न ठेवता, दरवर्षी नव्याने शिकू लागलेल्या सर्वांत लहान मुलीच्या पायात एक दिवस बांधावेत आणि मग पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेवावेत. तिने बसविलेले एखादे छोटे नृत्य कुणा मैत्रिणीला येत असेल, तर ते धाकट्यांना शिकवावे. ते करताना थोडेसे बदलेल, बदलू द्यावे. जिवंत गोष्टी हातोहात जाताना बदलतातच.

श्रोतेहो, आमच्या वस्तीतील ती सभा पुन्हा भरणार आहे. निर्णय काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि तो आई-वडिलांच्या मनाविरुद्ध होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. पण असे प्रसंग कोणत्याही गावावर येतात. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बेळगाव असो, पणजी असो की बडोदे, कुठे ना कुठे एखादा कोवळा कलावंत अवेळी जातो आणि मागे राहिलेल्यांच्या हातात थोडा पैसा व पुष्कळ दुःख उरते. त्या वेळी एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा: ह्या पैशाने उद्या सकाळी कुणाचे पाऊल उचलले जाणार आहे? ज्या स्मारकाला ह्या प्रश्नाचे उत्तर देता येते, ते नर्तकाला शोभणारे. बाकीच्यांना आपण मान द्यावा, पण पैसा त्यासाठी राखून ठेवावा जो उद्या नाचणार आहे.